कोकणातील दमा : जनजागृती आणि रोजची काळजी

दमा हा श्वासनलिकांना सतत सूज ठेवणारा दीर्घकालीन आजार आहे. सुजलेल्या नलिका धूर, धूळ, बुरशी किंवा साध्या सर्दीच्या विषाणूनेही आकसतात, आत चिकट कफ साचतो आणि श्वास सोडताना घरघर ऐकू येते. कोकणात बोलताना ‘धाप लागते’, ‘छाती भरते’ असे म्हणतात. लहान मुलाला असेल तर ‘बाळदमा’. भारतात सुमारे साडेतीन कोटी लोकांना दमा असल्याचा अंदाज आहे. जगातील दमेकऱ्यांपैकी साधारण आठवा हिस्सा भारतात, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक. ही तफावत मुख्यतः नियमित औषध न घेतल्याने पडते. धाप लागली की दवाखाना आणि ओसरली की औषध बंद, ही रीत किनारपट्टीवरही घट्ट आहे. म्हणून इथल्या जनजागृतीचा गाभा म्हणजे धाप नसलेल्या दिवसांची काळजी.

कोकणातला दमा शेतीच्या आणि सणांच्या वेळापत्रकाप्रमाणे चढउतार करतो. उन्हाळ्यात तरव्यासाठी, म्हणजे भाताची रोपे वाढवण्याच्या जागेसाठी, पालापाचोळा, शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या पालेदार फांद्या) पसरून जमीन भाजतात. तो धूर वाडीभर रेंगाळतो. पावसाळ्यात हवा दमट राहते, भिंतींना ओल येते, कपड्यांना बुरशीचा वास येतो आणि गोधड्या-उशांतले न दिसणारे धूळकिडे वाढतात. दिवाळीच्या आसपास भाताची झोडणी सुरू झाली की खळ्यावरची धूळ आणि तूस. हिवाळ्यात आंब्याच्या मोहरावर फवारणी, फाल्गुनात शिमग्याचे होम. यात भर काजू भाजण्याच्या भट्टीच्या झणझणीत धुराची आणि चिरेखाणीतल्या धुरळ्याची.

घरातला धूर मात्र बारमाही आहे. स्वयंपाक गॅसवर आला, तरी न्हाणीचे पाणी अजून अनेक घरांत लाकडांवरच तापते, आणि पावसात लाकूड ओले असले की धूर दुप्पट. दमेकरी माणूस किंवा मूल घरात असेल तर आधी न्हाणीकडे पाहावे. लाकडे पावसाआधी पुरती वाळवून झाकून ठेवणे, धुराला वर वाट देणे आणि आजारी माणसाने चूल पेटवण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवणे, एवढ्यानेही फरक पडतो. अंथरूण-पांघरूण कडक उन्हात टाकण्याची जुनी सवय चांगलीच आहे. शक्य तेव्हा ते गरम पाण्यात धुवावे. गणपतीला वर्षभर बंद असलेले घर उघडताना चाकरमान्यांनी विशेष जपावे. झाडलोट आणि माळा काढण्याचे काम दमेकऱ्याने करू नये, मुलाला त्या घरात झोपवण्याआधी दारे-खिडक्या उघडून घर वारवून घ्यावे आणि धूप-उदबत्ती त्याच्यापासून लांब ठेवावी.

यातले काहीही औषधाची जागा घेत नाही. दम्याचे मुख्य औषध श्वासातून घेतात. त्या साधनाला सगळे ‘पंप’ म्हणतात. एक पंप सूज उतरवणारा, स्टेरॉइडचा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज घ्यायचा. दुसरा, साल्ब्युटामॉलसारखा, आकसलेली नळी काही मिनिटांत सैल करणारा. दुसऱ्याने लगेच बरे वाटते, म्हणून लोक त्यालाच धरून राहतात आणि पहिला सोडून देतात. आतली सूज तशीच राहते. २०१९ पासून दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे मोठ्यांसाठी व किशोरांसाठी केवळ तात्पुरत्या आरामाच्या पंपावर राहू नका, असे स्पष्ट सांगतात. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती निराधार आहे. पंपातले स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतले मिलिग्रॅममध्ये, आणि एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. खरी धास्ती धरायची ती नाव नसलेल्या पुड्यांची. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते आणि ते महिनोन्‌महिने पोटात गेले तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते.

पंप ओढण्याची रीत चुकली तर औषध घशातच राहते. झाकण काढून हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, तोंडात धरून हळू श्वास घेऊ लागताच दाबावा आणि साधारण दहा सेकंद श्वास रोखावा. मुलांना आणि वृद्धांना पंप आणि तोंड यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे औषध साठवणारी पोकळ नळी, लावून द्यावा. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरावी. कॅप्सूल फोडून भुकटी ओढायच्या साधनात उलट श्वास जोरात व खोल घ्यावा लागतो. कोकणच्या दमट हवेत या कॅप्सूल ओल धरतात, म्हणून त्या वेष्टनातून आयत्या वेळीच काढाव्यात आणि साधन धुतले तर पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नये. ही गोष्ट औषध देताना क्वचितच सांगितली जाते.

दमा ताब्यात आहे की नाही, हे गेल्या चार आठवड्यांवरून ठरवतात: दिवसा आठवड्यात दोनदाहून अधिक त्रास, रात्री धापेने जाग, आरामाच्या पंपाची आठवड्यात दोनदाहून अधिक गरज, कामात अडथळा. ‘पावसात एवढी धाप लागायचीच’ म्हणून हे सोसणारे पुष्कळ आहेत. सोसण्याचे कारण नाही. औषधाची मात्रा बदलून घ्यावी.

कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध देण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. त्या सुमारास पाऊस सरतो, काहींचा त्रास आपोआप उतरतो आणि श्रेय खिरीला जाते. श्रद्धेने खीर घेणाऱ्याला दुखवण्याची गरज नाही. पंप बंद करू नका, एवढे मात्र आग्रहाने सांगायला हवे.

जागतिक दमा दिन १९९८ पासून पाळला जातो आणि तो मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येतो. कोकणासाठी ही वेळ मोक्याची आहे: चाकरमानी गावी असतात आणि पाऊस महिन्यावर असतो. आशा सेविकांनी, बचत गटांनी त्या आठवड्यात घरोघरचे पंप तपासले, संपलेले बदलून घेतले, ओढण्याची रीत करून दाखवली, तर भिंतीवरच्या फलकापेक्षा कितीतरी अधिक काम होईल. शाळा उघडल्यावर मुलाचा पंप कुठे असतो हे वर्गशिक्षकांना माहीत हवे. खेळायला मनाई नको. दमा ताब्यात असलेली मुले कबड्डी खेळू शकतात.

झटक्याच्या वेळी माणसाला ताठ बसवावे, आरामाच्या पंपाचे चार दाब स्पेसरमधून एकेक करून द्यावेत आणि गरज पडल्यास वीस मिनिटांनी पुन्हा द्यावेत. एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत पंप चालू ठेवावा. डोंगरउतारावरच्या वाडीतून मुख्य रस्त्यापर्यंत माणसाला उचलून न्यावे लागते. तिथे शेजारच्या दोघांना आणि एका गाडीवाल्याला पावसाळ्याआधीच सांगून ठेवावे.