आगीची पॉलिसी आणि सीजीएल: स्टोरेजमधला परका माल नेमका कशात येतो?

कुपवाड, मिरज, तासगाव भागातल्या कोल्ड स्टोरेजवाल्यांशी विम्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आपल्या मालाला आगीची पॉलिसी, लोकांच्या मालाला सीजीएल." हे साफ चुकीचं आहे, आणि यात माणूस बुडू शकतो.

आगीची पॉलिसी सगळ्यांना ठाऊक आहे. इमारत, मशिनरी, माल. 2005 आणि 2019 चा महापूर पाहिलेल्या सांगलीकराला त्यातलं पुराचं कलम समजावून सांगायला नको.

सीजीएल म्हणजे कमर्शियल जनरल लायबिलिटी. तुमच्या धंद्यामुळे बाहेरच्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचं नुकसान झालं आणि त्यानं दावा ठोकला, तर कायद्यानं तुमच्यावर येणारी भरपाई आणि वकिलाचा खर्च कंपनी ठरलेल्या मर्यादेत देते. ओल्या फरशीवरून घसरून अडत्याचा पाय मोडला, क्रेट निसटून व्यापाऱ्याच्या गाडीवर पडलं, तर सीजीएल कामाला येते.

आता त्याच व्यापाऱ्याचे बेदाण्याचे बॉक्स तुमच्या चेंबरमध्ये आहेत आणि आग लागली. माल परक्याचा, नुकसान परक्याचं, दावा तुमच्यावर. तरीही सीजीएल सहसा हात वर करते. कारण तुमच्या ताब्यात, देखरेखीखाली किंवा सांभाळायला असलेली परकी मालमत्ता त्यात वगळलेली असते. माल कुणाच्या मालकीचा, हे इथे बघत नाहीत. तो कुणाच्या ताब्यात होता, हे बघतात. आणि आगीच्या पॉलिसीतही विश्वासानं ठेवलेला परका माल आपोआप येतोच असं नाही. अनेक पॉलिसींमध्ये तो स्पष्ट लिहून घ्यावा लागतो. म्हणजे दोन्ही पॉलिसी खिशात असूनही बेदाण्याचे बॉक्स दोन्हींच्या मधल्या फटीत पडतात.

जबाबदारी मात्र टळत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 151 सांगतं की सांभाळायला घेतलेल्या मालाची, शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घ्या. "व्यापाऱ्यानं आपला विमा काढलाय, मग मला काय?" हेही ऐकतो. व्यापाऱ्याला पैसे दिल्यावर त्याची विमा कंपनी त्याच्या जागी उभी राहून तुमच्याकडून वसुली मागू शकते.

म्हणून आगीच्या पॉलिसीत परक्या मालाचा उल्लेख करून घ्या, आणि रक्कम सीझन भरात असताना चेंबरमध्ये असतो त्या मालाची धरा. थंडावा बंद पडून माल खराब होण्याची पॉलिसी वेगळी मिळते, तीही बघा.

बाकी थोडक्यात. हमाल-कामगारांसाठी सीजीएल नाही, तिथे कामगार नुकसानभरपाईचा कायदा (आधी 1923 चा, आता सामाजिक सुरक्षा संहिता) किंवा ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना. थंडाव्यासाठी वापरलेल्या अमोनियाची गळती झाली तर सीजीएलमधलं प्रदूषण वगळणारं कलम आडवं येऊ शकतं. ठरावीक प्रमाणाच्या वर घातक रसायन ठेवणाऱ्याला 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालची वेगळी पॉलिसी सक्तीची आहे.

"सगळं कव्हर आहे" म्हणणाऱ्या एजंटवर माझा विश्वास नाही. वगळलेल्या गोष्टींचं पान मागा आणि ताब्यातल्या मालाचं कलम त्याच्यासमोरच वाचा. आणि दाव्याची नोटीस आली तर आधी कंपनीला लेखी कळवा. दबावाखाली "चूक आमचीच, भरून देतो" असं लिहून दिलंत, तर चांगली पॉलिसीसुद्धा अडचणीत येते.