‘माझा कर, माझा हक्क’ : करवाटपाच्या वादाची पार्श्वभूमी

7 फेब्रुवारी 2024 रोजी कर्नाटकाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या आपल्या मंत्र्यांना आणि आमदारांना घेऊन दिल्लीच्या जंतरमंतरवर धरण्याला बसले. कर्नाटकातून केंद्राच्या तिजोरीत जेवढा कर जातो त्या मानाने परत मिळणारा वाटा फारच तोकडा आहे, अशी त्यांची तक्रार होती. ‘नन्न तेरिगे, नन्न हक्कु’, म्हणजे ‘माझा कर, माझा हक्क’, ही घोषणा होती. दुसऱ्याच दिवशी केरळचे मुख्यमंत्री पिनरायी विजयन यांनी तेथेच आंदोलन केले. या दोन्ही आंदोलनांची चर्चा मुख्यतः उत्तर विरुद्ध दक्षिण अशीच झाली. कर जेथे गोळा होतो तेथे त्यातील किती राहावा, हा प्रश्न मात्र प्रजासत्ताकाहून जुना आहे, आणि तो हट्टाने मांडणाऱ्यांत आघाडीवर होता मुंबई इलाखा, ज्यात त्या काळी धारवाड आणि बेळगावही मोडत असत.

1919 च्या सुधारणा कायद्यानंतर सीमाशुल्क आणि प्राप्तिकर केंद्राकडे गेले, तर जमीन महसूल आणि अबकारी प्रांतांच्या वाट्याला आले. या विभागणीमुळे केंद्राला पडणारी तूट प्रांतांनी भरून काढावी, असे ठरले आणि 1920 साली मेस्टन समितीने प्रांतांवर एकूण 983 लाख रुपयांची वर्गणी बसवली. तीत मद्रासवर 348 लाखांचा बोजा होता आणि मुंबईवर अवघा 56 लाखांचा. कागदावर मुंबई स्वस्तात सुटली होती, पण तिचे खरे दुखणे वर्गणीचे नव्हतेच. जमीन महसुलाचे दर एकदा ठरले की साधारण तीस वर्षे हलत नसत, आणि गिरण्या, बंदर व पेढ्या यांच्या भरभराटीबरोबर वाढणारा प्राप्तिकर तर जवळजवळ पूर्णपणे केंद्राच्या हाती गेला होता. औद्योगिक बंगालचीही हीच ओरड होती. पुढे 1935 च्या कायद्यानुसार सर ऑटो निमायर यांनी 1936 साली प्राप्तिकराचा निम्मा वाटा प्रांतांना देण्याची योजना आखली आणि त्यात मुंबई व बंगाल यांना प्रत्येकी 20 टक्के हिस्सा ठरवला. फाळणीनंतरची फेरवाटणी चिंतामणराव देशमुख यांच्या 1950 च्या निवाड्याने झाली. तीत मुंबईला 21 टक्के, म्हणजे सर्वांत मोठा वाटा, आणि उत्तर प्रदेशाला 18 टक्के मिळाले.

मुंबईचे हे वरचे स्थान फार काळ टिकले नाही. राज्यघटनेच्या 280 व्या अनुच्छेदाने केंद्राच्या करांची राज्यांतली वाटणी सुचवणारा वित्त आयोग दर पाच वर्षांनी किंवा त्याआधी नेमण्याची तरतूद केली आणि क्षितीशचंद्र नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या आयोगाने प्राप्तिकराच्या 55 टक्के रक्कम राज्यांना द्यावी, तिची वाटणी 80 टक्के लोकसंख्येवर आणि 20 टक्के संकलनावर, म्हणजे राज्यात किती कर गोळा झाला यावर, करावी, अशी शिफारस केली. संकलनाला इतके कमी वजन देण्यामागचे कारण आजही लक्षात ठेवण्याजोगे आहे. कंपनीचे मुख्यालय मुंबईत असते म्हणून कर मुंबईत भरला जातो. पण कंपनीचे उत्पन्न झारखंडातल्या खाणीतून, आसामच्या मळ्यातून किंवा देशभरच्या गिऱ्हाइकांकडून आलेले असू शकते. त्यामुळे कर कुठे भरला, यावरून तो कोणी कमावला हे ठरत नाही. पुढच्या आयोगांनी हे वजन कधी 10 तर कधी 20 टक्के ठेवले. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आठव्या आयोगाचे अध्यक्ष होते, तरी त्या आयोगानेही प्राप्तिकरात संकलनाला 10 टक्क्यांपलीकडे जागा दिली नाही. दहाव्या आयोगाने तर हा निकष पूर्णपणे वगळला.

औद्योगिक राज्यांची तक्रार ऐकताना त्याच काळातील दुसरे एक धोरण विसरून चालत नाही. 1952 पासून केंद्राने पोलाद आणि कोळसा यांच्या वाहतुकीचा खर्च देशभर समान ठेवला. खाणीशेजारी कारखाना काढण्याचा बिहार, ओडिशा, बंगाल आणि मध्य प्रदेश यांचा नैसर्गिक फायदा त्यामुळे संपला, आणि महाराष्ट्र, गुजरात व दक्षिणेकडील राज्यांतल्या कारखानदारीला कच्चा माल जवळपास त्याच भावात मिळू लागला. हे धोरण 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालले. ‘आमच्या कष्टाचा पैसा’ हे म्हणणे खोटे नाही, पण त्या कष्टाला कोणाच्या खाणींचा टेकू होता, हे बिहारने विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही.

दरम्यान, वाटायच्या ताटातूनच काही पदार्थ आधी उचलून घेण्याची केंद्राची पद्धत सुरू झाली होती. 1959 च्या वित्त कायद्याने कंपन्यांवरचा प्राप्तिकर वाटपातून बाहेर काढला गेला. शिवाय योजनाखर्चाचा पैसा घटनेत उल्लेखही नसलेल्या नियोजन आयोगामार्फत जात असे. तो वाटताना दिल्लीची मर्जी चालू नये यासाठी धनंजयराव गाडगीळ यांनी 1969 मध्ये सूत्र घालून दिले; त्यात 60 टक्के वजन लोकसंख्येला होते. 2000 सालच्या 80 व्या घटनादुरुस्तीने केंद्राच्या जवळपास सर्वच करांचा एक विभाज्य, म्हणजे राज्यांबरोबर वाटून घ्यायचा, साठा केला. त्यातला राज्यांचा वाटा 29 टक्क्यांच्या आसपास सुरू होऊन, विजय केळकर यांच्या तेराव्या आयोगाच्या वेळी 32 आणि चौदाव्या आयोगाच्या वेळी एकदम 42 टक्के झाला. जम्मू-काश्मीरचा केंद्रशासित प्रदेश झाल्यावर तो 41 वर आला.

मात्र त्याच दुरुस्तीने उपकर (ठरावीक कामासाठी लावलेला कर) आणि अधिभार (मूळ करावर लावलेला जादा कर) साठ्याबाहेर ठेवले, आणि आजच्या भांडणाचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे. केंद्राच्या एकूण करमहसुलातील त्यांचा हिस्सा 2011-12 मध्ये सुमारे 10 टक्के होता, तो 2020-21 मध्ये सुमारे 20 टक्क्यांवर गेला. 2021 च्या अर्थसंकल्पात पेट्रोलवरील मूळ उत्पादनशुल्क कमी करून लिटरमागे अडीच रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा उपकर लावला गेला. ग्राहकाला पंपावर फरक जाणवला नाही. फरक पडला तो राज्यांच्या वाट्याला.

1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांचे स्वतःचे करदर ठरवण्याचे स्वातंत्र्यही आक्रसले. मुंबई महापालिकेची जकात, जी तिच्या उत्पन्नाचा कणा होती, त्याच दिवशी इतिहासजमा झाली. या कराचे निर्णय घेणाऱ्या नव्या परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन आहे आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते, म्हणजे केंद्राच्या संमतीवाचून काहीच होऊ शकत नाही. महसुलात वार्षिक 14 टक्के वाढ गृहीत धरून राज्यांना पाच वर्षे तुटीच्या भरपाईची हमी होती. ती जून 2022 मध्ये संपली.

पंधराव्या आयोगाने 2011 ची लोकसंख्या धरली आणि दरडोई उत्पन्नातील अंतराला, म्हणजे राज्य श्रीमंत राज्यांच्या किती मागे आहे याला, 45 टक्के वजन दिले. त्यामुळे कर्नाटकाचा हिस्सा 4.713 वरून 3.647 टक्क्यांवर घसरला. महाराष्ट्राचा मात्र 5.521 वरून 6.317 वर गेला, आणि याचा उल्लेख आपल्याकडच्या चर्चेत क्वचितच होतो. सोळाव्या आयोगापुढे अनेक राज्यांनी एकूण वाटा 50 टक्के करण्याची मागणी केली. अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने तो 41 टक्केच ठेवला, पण एप्रिल 2026 पासूनच्या वाटणीसाठी राष्ट्रीय उत्पन्नातील योगदान हा 10 टक्के वजनाचा नवा निकष आणला. तो राज्याचे उत्पादन मोजतो, संकलन नव्हे, त्यामुळे मुख्यालयाचा जुना आक्षेप त्याला लागू पडत नाही. उपकर आणि अधिभार पूर्वीप्रमाणेच साठ्याबाहेर आहेत.