जाड पेशंट, ब्रेस्ट सर्जरी आणि ओटीतलं (ऑपरेशन थिएटरमधलं) घड्याळ

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन जुनंच. 1880 च्या दशकात अमेरिकेत स्तन, खालचा स्नायू आणि काखेतल्या गाठी एकदमच काढायची पद्धत आली आणि ती कित्येक दशकं चालली. वजन-उंचीचं गणित त्याहून जुनं, 1832 चं, पण बीएमआय हे नाव त्याला मिळालं 1972 मध्ये. पुढे 2009 ला आपल्याकडच्या तज्ज्ञांनी ठरवलं की भारतीय माणूस 25 लाच लठ्ठ धरायचा, तिकडे मात्र 30 ला. म्हणजे सिन्नरची 27 बीएमआयची बाई इथे लठ्ठ आणि अमेरिकेच्या पेपरात नुसती ओव्हरवेट, तरी तिकडचेच आकडे धरून नाशिकमध्ये ऑपरेशनची लिस्ट लावतात, कुठल्या पेशंटला किती वेळ द्यायचा ते.

पण खरा घोळ 'ओटी टाइम' या शब्दाचा आहे. सर्जनला विचारा, तो चीर दिल्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत मोजतो. तिकडच्या मोठ्या डेटाबेसमध्येही बहुतेक तेवढंच नोंदवतात, आणि तेवढ्यातही जाड पेशंटला वेळ जास्त लागतो हे दिसतंच, कारण फ्लॅप, म्हणजे उचलून धरायचे कातडीचे पदर, मोठे, काखेत चरबी, त्यात नस आणि शीर जपत गाठी शोधायच्या. पण आम्ही ओटीवाले मोजतो ते पेशंट आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत. शीर सापडत नाही, हाताला बीपीचा साधा कफ पुरत नाही, भूल द्यायच्या आधी खांदे-डोकं उंच करायला चादरींच्या गुंडाळ्या रचाव्या लागतात, ऑक्सिजन नीट भरून घ्यावा लागतो कारण श्वास थांबला की अशा पेशंटचा ऑक्सिजन लवकर खाली येतो, मग हात बोर्डवर बांधायचा तोही खांदा न ताणता. यातलं एक मिनिटही सर्जनच्या घड्याळात येत नाही.

आणि रजिस्टरमध्ये काय लिहितात? 'पेशंट ओबीज, केस लांबली.' अहो, मोठा कफ वॉर्डात पडला होता, तो आणायला मावशी दोन मजले खाली गेल्या, ती मिनिटंपण बाईच्या वजनाच्या नावावर! माझ्या मते निम्मा उशीर असलाच असतो.

2013 ला मोफत उपचाराची सरकारी योजना नाशिकमध्ये आली तशी या भांडणाला धार चढली, कारण पॅकेज, म्हणजे हॉस्पिटलला मिळणारी ठरलेली रक्कम, ऑपरेशनवर ठरतं, तासांवर नाही. आता स्तन वाचवून आकार नीट करणाऱ्या सर्जरी वाढल्यात, त्या मुळातच लांब. तरी लिस्टवर साध्या आणि या लांब, दोन्ही केसेसना सारखेच दोन तास लिहिलेले असतात, आणि शेवटची मालेगावची पेशंट सकाळपासून उपाशी बसलेली असते.