मुलीचा वाटा: १९५६ ते २०२०

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, हे आज कोणताही वकील पहिल्याच भेटीत सांगतो. तिथवर यायला ६४ वर्षं गेली, आणि भांडण बहुतेक वेळा तारखांवरून झालं.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वारस केलं, सहदायाद (जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीचा हिस्सेदार) केलं नाही. मिताक्षरा या हिंदू कायद्याच्या जुन्या पद्धतीत मुलगा जन्मतःच एकत्र कुटुंबाचा हिस्सेदार. मुलीचा संबंध वडील वारल्यावर, तोही फक्त त्यांच्या हिश्श्यापुरता. डॉ. आंबेडकरांच्या हिंदू कोड बिलात जन्मसिद्ध हक्काची ही पद्धतच मोडीत निघणार होती. ते बिल रखडवलं गेलं आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं.

या फरकाची किंमत काय होती, ते सांगलीच्या न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या मगदूम खटल्यात (१९७८) आकड्यांत दिसतं. कुटुंबात नवरा, बायको, दोन मुलगे, तीन मुली. नवरा वारला. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झालं असं धरायचं: नवरा, बायको आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी १/४. मग नवऱ्याच्या १/४ चे सहा वारसांत सहा भाग, म्हणजे प्रत्येकी १/२४. विधवेला ७/२४ मिळाले, आणि त्या काळी ते मोठंच पाऊल होतं. पण त्याच हिशेबाने मुलाचे ७/२४ होतात आणि मुलीचा १/२४. आजच्या कायद्याने तोच हिशेब मांडला तर सहाही जणांना १/६ येतो.

वारसा आणि वाटणी हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने राज्यांनाही दुरुस्ती करता येते. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायाद केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. म्हणजे थोरली सासरी गेलेली आणि धाकटी लग्नाची असेल, तर सख्ख्या बहिणींतच भेद.

केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली आणि लग्नाची अट गेली. विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं ती तारीख २० डिसेंबर २००४. तिच्या आधी झालेली विक्री किंवा वाटप मात्र कायम राहिलं. घाईघाईने वाटण्या उरकू नयेत म्हणून ही रेघ.

पुढचा घोळ न्यायालयांत झाला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ९ सप्टेंबर २००५ रोजी बाप हयात हवा. २०१८ मध्ये दुसऱ्या पीठाने २००१ मध्ये वारलेल्या बापाच्या मुलींनाही वाटा दिला. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला: हक्क जन्माने येतो, त्यामुळे त्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही. प्राथमिक हुकूमनामा (कोणाचा किती हिस्सा हे ठरवणारा) झाला असला तरी अंतिम हुकूमनाम्यापर्यंत हिस्से बदलता येतात.

याच निकालाने ‘आमची तोंडी वाटणी कधीच झाली’ हा भावांचा नेहमीचा बचाव दुबळा केला. कायद्याला वाटप हवं ते नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. तोंडी वाटप अपवादानेच, आणि सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तरच मानलं जाईल.

चूक होते ती गावपातळीवर. वडील गेल्यावर वारसनोंदीच्या अर्जात बहिणींची नावं गाळली जातात, किंवा सातबाऱ्यावर कब्जेदारांऐवजी ‘इतर हक्कात’ टाकली जातात. फेरफाराची (जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची) नोटीस निघाली की हरकतीसाठी १५ दिवस असतात. माहेरच्या पत्त्यावर गेलेली नोटीस सासरी असलेल्या बहिणीपर्यंत पोहोचतच नाही. फेरफाराने मालकी जात नाही, हे खरं. पण मधल्या काळात जमीन विकली गेली, तर खरेदीदारालाही दाव्यात सामील करावं लागतं आणि वर्षं वाढतात. स्टँपपेपरवर नुसती सही घेतलेलं, नोंदणी न केलेलं हक्कसोडपत्र स्थावर मिळकतीतला वाटा संपवत नाही. सही दिली म्हणून बहिणीने दावाच सोडून देण्याचं कारण नाही.