मिस्सा एकट्या फादरांची नसते

पुण्यात कॅम्प असो, खडकी असो की येरवडा, कॅथलिक चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेत, म्हणजे सामुदायिक उपासनेत, एक दृश्य ठरलेलं: कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर देण्याच्या वेळी काही जण भाकर देणाऱ्या प्रापंचिक (धर्मगुरू नसलेल्या) काकांची रांग सोडून फादरांच्या रांगेत घुसतात. ‘उपासना फादरांनी करायची, प्रापंचिकांनी बसून बघायची’ या जुन्या समजुतीचं हे शेपूट. अर्पण केलेली भाकर एकच; देणारा हात बदलला म्हणून ती कमी पवित्र होत नाही. मग एवढी धक्काबुक्की कशाला?

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केलं की उपासनेतला सक्रिय सहभाग हा बाप्तिस्म्यामुळे मिळालेला हक्क आहे आणि कर्तव्यही. गरजेप्रमाणे प्रापंचिकांनी कम्युनियन देण्याची मुभा १९७३ची. मिस्सेत बायबलचं वाचन बायका करतच होत्या; २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक (वेदीपाशी फादरांना मदत करणारा) ही अधिकृत सेवापदंही त्यांना खुली केली.

याहून थक्क करणारं पुढे आहे. बाळ अत्यवस्थ असेल आणि फादर पोचू शकत नसतील, तर दवाखान्यातली नर्ससुद्धा बाप्तिस्मा देऊ शकते, मग ती ख्रिस्ती नसली तरी! फक्त चर्चला अभिप्रेत तोच हेतू हवा, पाणी हवं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणायचे ठरलेले शब्द हवेत. लग्नातही संस्कार वधूवरच एकमेकांना देतात. फादर चर्चच्या वतीने त्यांची संमती विचारतात आणि स्वीकारतात.

मर्यादा आहेतच. भाकर-द्राक्षारसाचं अर्पण, पापनिवेदन ऐकून क्षमा देणं ही कामं धर्मगुरूंचीच. मिस्सेतलं प्रवचनही दीक्षित सेवकांकडेच, म्हणजे धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक) यांच्याकडे.