ग्राफीन आणि आर-जीओ: दोन काळ्या भुकट्या, एकच चिठ्ठी

दोन बाटल्या, दोन्हींत काळी भुकटी, दोन्ही ग्रॅफाइटपासून केलेल्या, आणि पुष्कळदा चिठ्ठीही एकच: ग्राफीन. पण त्यातल्या एकीत असतं रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइड, थोडक्यात आर-जीओ.

ग्रॅफाइट म्हणजे एक अणू जाडीच्या पापुद्र्यांची चवड. मिलिमीटरभर जाडीत सुमारे ३० लाख. पापुद्र्यांमधली ओढ दुबळी, म्हणून तर पेन्सिल कागदावर उमटते. पापुद्रा न दुखावता सुटा झाला की ते ग्राफीन. मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव या शास्त्रज्ञांनी २००४ साली तो चिकटपट्टीने सोडवला, पण चिकटपट्टीने काही किलोंनी माल निघत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या गटाने मग ग्रॅफाइट द्रवात घालून जोरात घुसळलं आणि २०१४ मध्ये दाखवलं, की भांडी घासायचा साबण घालून स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्येही हे जमतं! कार्बनची षटकोनी जाळी यात बहुतांशी शाबूत राहते. मात्र एकेरी पापुद्रे कमी, काही थरांचे तुकडेच जास्त, आणि न सुटलेलं ग्रॅफाइट सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वेगळं काढावं लागतं.

आर-जीओ येतं रसायनांच्या वाटेने. १९५८च्या हमर्स पद्धतीत सल्फ्युरिक आम्ल, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम परमँगनेट ग्रॅफाइटवर तुटून पडतात. ऑक्सिजनचे गट जाळीला चिकटतात, थरांमधलं ०.३३५ नॅनोमीटरचं अंतर दुपटीच्या आसपास जातं, पाणी आत शिरतं आणि एकेरी पापुद्रे भराभर सुटतात. उत्पादन भरघोस, पण हाती आलेलं तपकिरी ग्राफीन ऑक्साइड वीज जवळजवळ वाहतच नाही. म्हणून तापवून किंवा रसायनं वापरून ऑक्सिजन काढायचा. तो जाताना काही कार्बनही ओढून नेतो. जाळीला भोकं पडतात. वहन परततं, पण पूर्वीइतकं नाही.

आर-जीओ टाकाऊ मुळीच नाही. वीज साठवून झटपट परत देणाऱ्या सुपरकपॅसिटरच्या इलेक्ट्रोडला ते छान चालतं. तक्रार फक्त नावाची.

ओळखायचं तर रामन आलेख मागावा, म्हणजे लेसरचा प्रकाश नमुन्यावरून विखुरताना किती बदलतो त्याचा आलेख. १३५० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचं डी शिखर जाळीतले दोष दाखवतं, आणि आर-जीओमध्ये ते बहुधा १५८० जवळच्या, कार्बनच्या जाळीच्या जी शिखराच्या बरोबरीला येतं. बारीक तुकड्यांच्या कडांमुळेही डी चढतं, तेव्हा ऑक्सिजनचं प्रमाणही विचारावं. आणि थरांची संख्या विसरू नये: २०१८ मध्ये ६० उत्पादकांचे नमुने तपासले, तर बहुतेकांत ग्राफीन १० टक्क्यांहूनही कमी निघालं. उरलेलं बरंचसं होतं निव्वळ बारीक ग्रॅफाइट.