व्हाँदे किनाऱ्यावरील दलदलींतील रस्ता-सायकलिंग

व्हाँदे किनाऱ्यावरील दलदलींतील रस्ता-सायकलिंग : फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यालगत उत्तरेस मारे ब्रतों आणि दक्षिणेस मारे प्वातव्हँ हे दोन सपाट दलदली प्रदेश आहेत. तेथील डांबरी रस्ते, बांध व कालव्याकाठच्या वाटा यांवरील सायकलिंगचा येथे विचार केला आहे. मारे प्वातव्हँ सुमारे १ लाख हेक्टरांचा असून कामार्गखालोखाल फ्रान्समधील सर्वांत मोठा पाणथळ प्रदेश मानला जातो. दोन्ही प्रदेशांची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर. त्यामुळे चढ-उतारांवर बेतलेली मार्गांची नेहमीची प्रतवारी येथे निरुपयोगी ठरते. येथे दिवस ठरतो तो वारा, भरती-ओहोटी आणि रस्त्याखालची माती यांवर.

भूमी व रस्त्यांची घडण : येथील रस्ते समजून घ्यायचे तर आधी बांध समजून घ्यावे लागतात, कारण बहुतेक रस्ते बांधांवरून किंवा त्यांच्या पायथ्याने जातात. मारे प्वातव्हँच्या जागी पूर्वी समुद्राची खाडी होती. नद्यांनी व समुद्राने आणलेल्या निळसर-करड्या चिकणमातीने (स्थानिक नाव ब्री) ती भरत गेली. चुनखडीची जुनी बेटे मात्र उंचवट्यांच्या रूपाने उरली. मारां, शाये-ले-मारे, मायेझे, सँ-मिशेल-आँ-लेर्म ही गावे अशाच उंचवट्यांवर आहेत. सायकलस्वाराला दिवसभरात काही चढ लागलाच तर तो गावात शिरताना.

जमीन कोरडी करण्याचे श्रेय कोणाला द्यायचे, यावर बरेच लिहिले गेले आहे. जुन्या मांडणीनुसार हे काम मठांचे. सँ-मिशेल-आँ-लेर्म, लाब्सी, सँ-मेसाँ, मायेझे व न्यल या पाच मठांच्या प्रमुखांनी खोदविलेला आणि आजही ‘पाच मठाधिपतींचा कालवा’ म्हणून ओळखला जाणारा कालवा १२१७ सालचा मानतात. दुसऱ्या मतानुसार मठांच्या दफ्तरांत जपल्या गेलेल्या कागदपत्रांमुळे त्यांचा वाटा फुगलेला दिसतो. मिठागरांचे मालक व स्थानिक सरदार यांनी त्याआधीच लहान बांध घातले असावेत. मठांनी सुटी कामे जोडून मोठी केली, हे या दोहोंमधले मत अधिक पटण्याजोगे आहे. सोळाव्या शतकातील कॅथलिक-प्रॉटेस्टंट धर्मयुद्धांत ही व्यवस्था बरीचशी मोडली. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने १५९९ मध्ये फर्मान काढून ब्राबांतचा अभियंता हंफ्री ब्रॅडली याला राज्यातील बांधांचा प्रमुख नेमले. प्रत्यक्ष मोठी कामे मुख्यतः सतराव्या शतकात झाली. एका कालव्याला आजही ‘डचांचा पट्टा’ म्हणतात. परंतु त्या नावावरून सारा पैसा वा सारे मजूर डच होते असे समजू नये.

या कामांतून प्रदेशाचे दोन भाग पडले. समुद्राकडची ‘कोरडी दलदल’ बांधांनी वेढलेली, उघडी, धान्यशेतीची आहे. आतल्या बाजूची ‘ओली दलदल’ कालव्यांच्या जाळ्याची, झाडीची आणि हिवाळ्यात पाण्याखाली जाणारी आहे. बांधातील दारे ओहोटीला उघडून आतले पाणी सोडतात व भरतीला बंद होतात. कोकणातल्या खारबंदिस्तीतील उघाडीचे तत्त्वही हेच. या रचनेचा सायकलस्वारावर थेट परिणाम होतो. रस्ते काही किलोमीटर सरळ जाऊन एकदम काटकोनात वळतात. अनेक शेतरस्ते कालव्याच्या काठी संपतात. नकाशावर समोरचे गाव हाकेच्या अंतरावर दिसते, पण पूल नसल्याने मोठा वळसा पडतो. तेव्हा मार्ग आखताना आधी पूल शोधावेत, मग रस्ते जोडावेत.

ब्री माती उन्हाळ्यात आक्रसते व पावसाळी हिवाळ्यात फुगते. तिच्यावरच्या डांबराला त्यामुळे लांबीच्या दिशेने भेगा पडतात आणि चराकडची कड खचते. अरुंद टायर अशा भेगेत शिरला की हँडल फिरत नाही. कडेपासून किमान अर्धा मीटर आत राहावे, हा येथला पहिला नियम.

वारा : वारा प्रामुख्याने पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतो. उन्हाळ्यातील स्वच्छ दिवसांत दुपारकडे खारे वारे सुरू होतात. कोरड्या दलदलीत झाड किंवा कुंपण जवळजवळ नाही, त्यामुळे जमिनीलगतही वारा मंदावत नाही.

त्याचा हिशोब मांडता येतो. स्वार व सायकल मिळून ८५ किग्रॅ. आणि परिणामी रोधक्षेत्र (समोरचे क्षेत्रफळ गुणिले हवेचा रोधगुणक) ०.३२ चौ. मी. धरल्यास, वारा नसताना ताशी ३० किमी.साठी सुमारे १४५ वॉट लागतात. समोरून ताशी २० किमी.चा वारा आला तर तेवढ्याच ताकदीत वेग ताशी १९-२० किमी.वर येतो, आणि ३० टिकवायचा तर ३४० वॉटच्या आसपास जोर लावावा लागतो. तोच वारा पाठीशी असता त्याच १४५ वॉटमध्ये वेग ४३ किमी.पर्यंत जातो. जाताना गमावलेले येताना भरून निघते, हा समज मात्र चुकीचा आहे. २० किमी. जाऊन परत येण्यास वारा नसताना ८० मिनिटे लागतात, तर या वाऱ्यात सुमारे ९०. कारण संथ टप्प्यात वेळही जास्त जातो. अगदी काटकोनातला आडवा वाराही फुकट नसतो. त्याच वेगासाठी तो साधारण २० वॉट जास्त मागतो.

यावरून व्यवहारातला क्रम ठरतो. सकाळी वारा हलका असताना समुद्राकडे निघावे व दुपारी त्याच्या पाठबळावर आत परतावे. सकाळी उलट दिशेने भरधाव गेलेला नवखा स्वार परतीला रिकाम्या पोटी वाऱ्याशी झुंजत बसतो.

पंखारचना : आडव्या वाऱ्यात एकामागे एक चालण्याचा उपयोग नसतो. ताशी ३० किमी. वेग आणि डावीकडून ताशी २० किमी.चा वारा असेल, तर स्वाराला हवा समोरून नव्हे, सुमारे ३४ अंशांच्या कोनातून लागते. आडोसाही त्याच कोनात मागे-उजवीकडे पडतो. म्हणून पुढचा स्वार रस्त्याच्या वाऱ्याकडील कडेने चालतो आणि बाकीचे तिरक्या ओळीत राहतात. फ्रेंचमध्ये या रचनेला ‘पंखा’ म्हणतात. दोन स्वारांत ०.७ मी. आडवे अंतर ठेवले तर मागच्याचे पुढचे चाक पुढच्याच्या मागील चाकाशेजारी अर्ध्या मीटरहून अधिक आत शिरते. चाके घासली तर पडतो तो मागचाच. ५ मी. रुंद रस्त्यावर पंख्यात साधारण सात जण मावतात. आठव्याला कडेच्या गवतालगत, आडोशाविना चालावे लागते. शर्यतीत फूट पडते ती तेथे. अशा फुटीला फ्रेंचमध्ये ‘कड’ असेच नाव आहे.

शर्यतीत रस्ता बंद असतो, एरवी नसतो. फ्रेंच वाहतूक नियमांनुसार दोघांना शेजारी चालता येते. पण अंधारात, किंवा मागचे वाहन पुढे जाऊ पाहत असल्यास, एका रांगेत यावे लागते. खुल्या रस्त्यावर म्हणून दोघांहून मोठा पंखा करू नये. काटकोनी वळणानंतर वाऱ्याची बाजू बदलते. ओळ कोणत्या बाजूला मांडायची हे वळणाआधीच हाक देऊन सांगावे. धान्यकोठार किंवा झाडांची रांग ओलांडताना आडोसा क्षणभर मिळतो व लगेच जातो. ५० मिमी. खोलीच्या रिमचे पुढचे चाक अशा वेळी झटका खाते. वादळी दिवशी उथळ रिम बऱ्या.

ग्वा मार्ग : बोव्ह्वार-स्युर-मेर आणि न्वारमुत्ये बेट यांना जोडणारा, सुमारे ४ किमी. लांबीचा आणि दिवसातून दोनदा भरतीखाली जाणारा हा रस्ता मारे ब्रतोंच्या टोकाशी आहे. नावाचा उच्चार ‘ग्वा’ असा होतो. त्याची व्युत्पत्ती बहुधा ‘ग्वाझे’, म्हणजे लाकडी पादत्राणे भिजवत चालणे, या स्थानिक क्रियापदापासून दिली जाते. हे स्पष्टीकरण लोकप्रिय असले तरी उलट क्रमही संभवतो. ‘पायउतार’, म्हणजे पायी ओलांडण्याजोगे उथळ पाणी, या अर्थाच्या जुन्या शब्दाचे ग्वा हे बोलीरूप असावे व क्रियापद त्यावरून आले असावे. भाषिक दृष्ट्या दुसरे मत सरस वाटते. बेटाकडे जाणारा पूल १९७१ मध्ये झाला. त्याआधी वाहनांना हाच रस्ता होता.

ओहोटीच्या सर्वांत खालच्या वेळेआधी दीड तास ते नंतर दीड तास एवढ्या अवधीत मार्ग ओलांडावा, असा नियम सांगतात. तो ढोबळ आहे. भांगाच्या (भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याच्या) दिवसांत पाणी पुरेसे ओसरत नाही. हवेचा दाब कमी असेल किंवा समुद्राकडून जोराचा वारा असेल तर ते लवकर परतते. वेळा दोन्ही टोकांना लावलेल्या असतात, त्या त्या दिवशी वाचूनच निघावे. उधाणाच्या दिवसांत येथील ओहोटी साधारण दुपारच्या आसपास येते, हे सोयीचे. वाटेत अडकलेल्यांसाठी खांबांवर चढून बसण्याचे आश्रय आहेत. सायकल तेथेच सोडावी लागते.

रस्त्याचा काही भाग फरसबंदी, काही डांबरी असून त्यावर शेवाळ व चिखलाचा पातळ थर राहतो. ५ जुलै १९९९ रोजी तूर द फ्रान्सचा शालाँ ते सँ-नाझेर हा टप्पा येथून गेला. निसरड्या दगडांवर मोठा घोळका कोसळला, पुढचा गट वाऱ्यात निघून गेला, आणि आलेक्स झ्युले, मिखाएल बोगर्ट, इव्हान गोत्ती यांनी ६ मिनिटांहून अधिक वेळ गमावला. झ्युले पॅरिसमध्ये ७ मिनिटे ३७ सेकंदांनी दुसरा आला. (त्या वर्षीच्या विजेत्याचे, लान्स आर्मस्ट्राँगचे, पद २०१२ मध्ये रद्द झाले, ते कोणालाही दिलेले नाही.) २०११ च्या तूरची सुरुवात ग्वावरून झाली. २०१८ ची सुरुवात न्वारमुत्येहून झाली, परंतु फुटबॉल विश्वचषकामुळे शर्यत आठवडाभर पुढे गेली आणि भरतीच्या वेळा न जुळल्याने ग्वा वगळावा लागला. त्या टप्प्याची अखेर मारे प्वातव्हँच्या उत्तर काठावरील फोंतने-ल-कोंत येथे होती. क्रिस फ्रूम शेवटच्या काही किलोमीटरांत रस्त्याबाहेर गवतात गेला व ५१ सेकंद मागे पडला. सपाट टप्प्यांत काही घडत नाही असे म्हणणाऱ्यांनी ही दोन वर्षे पाहावीत.

ग्वावर दोन्ही चाके सरळ ठेवावीत, वळताना ब्रेक लावू नये, आणि डबक्यातून शक्यतो जाऊ नये, कारण त्याखाली दगड निखळलेला असू शकतो. ओलांडून झाल्यावर त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्याने धुवावी. जोरदार फवारा मारू नये, बेअरिंगमध्ये मीठ शिरते. चेन पुसून, वाळवून मगच तेल द्यावे. ॲल्युमिनियमच्या स्पोक-निपलांना गंज धरतो तो काही आठवड्यांनी कळतो.

सायकल व सामग्री : डांबरी रस्त्यांसाठी २८ मिमी. टायर व ४.५ ते ५.५ बार हवा बहुतेकांना पुरते. कालव्याकाठच्या चुनखडीच्या पांढऱ्या वाटांवर जायचे तर ३२ मिमी. किंवा अधिक. या वाटांची धूळ पावसात पिठासारखी चेनला व ब्रेकला चिकटते. उन्हाळ्यात डांबरावर बारीक खडी पसरून रस्ते दुरुस्त करतात. ताज्या खडीवर वळण घेणे हे येथील पडण्याचे नेहमीचे कारण. कुंपणे छाटल्यानंतर काटे रस्त्यावर येतात, तेव्हा दोन ट्यूब ठेवाव्यात.

दीर्घ मार्ग व ऋतू : रॉस्कॉफ ते आंदाय हा व्हेलोदिसे मार्ग किनाऱ्याने दोन्ही प्रदेशांतून, तर विस्त्रआम ते ला रोशेल हा ६०० किमी.हून अधिक लांबीचा व्हेलो फ्रांसेत ओल्या दलदलीतून जातो. हिवाळ्यात ओल्या दलदलीतील वाटा पाण्याखाली असतात. फेब्रुवारी २०१० च्या झिंथिया वादळात समुद्राचे पाणी बांध ओलांडून आत आले. त्यानंतर किनाऱ्याचे बरेच बांध नव्याने मजबूत केले गेले. मे-जून व सप्टेंबर हे महिने चांगले. कोरड्या दलदलीत सावली व दुकान दोन्ही विरळ. गावांतील दुकाने दुपारी, तसेच रविवारी दुपारनंतर व अनेकदा सोमवारीही बंद असतात. पाण्यासाठी गावाबाहेरच्या दफनभूमीतील नळ पाहावा. फ्रान्समध्ये सायकलस्वारांची ही जुनी रीत आहे. नळावर ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी असेल तर ते पाणी डोक्यावर ओतण्यापुरतेच.